दीडची गाडी

पत्रांच्या बाबतीत जवाहर मगदूम मोठा काटेकोर माणूस. साताऱ्याच्या एका जुन्या वाचनालयात त्यांनी एकतीस वर्षे ग्रंथपाल म्हणून काढली. 'पुस्तकाची शेवटची चार पाने फाटली आहेत, खुनी कोण ते कळवावे,' असे एखाद्या सभासदाने पोस्टकार्ड टाकले, तरी दुसऱ्या दिवशी खुन्याचे नाव टपालाने रवाना व्हायचे. साऱ्या आयुष्यात त्यांचे उत्तर द्यायचे राहिले ते एकाच पत्राचे. ते निळे आंतरदेशीय पत्र तेहेतीस वर्षे शब्दकोशाच्या खाकी कव्हरात घडी होऊन पडले होते. काढून वाचायची गरज नव्हती. ते त्यांना पाठ होते.

'ती. अण्णांस, भरतेशचा नमस्कार. आई म्हणते, वाचनालय शनिवारी एक वाजता बंद होते. मानसिंगकाका कंडक्टर आहेत, ते म्हणाले, दीडची गाडी पाचला सांगलीत येते. मग तुम्ही आठला का येता? येत्या शनिवारी दिवस बुडायच्या आत या. मला तुमच्याबरोबर जेवायचे आहे. उत्तर पाठवा. तुमचा भरतेश. ता. क. उत्तर नाही आले तरी मी थांबतो.'

भरतेश तेव्हा नऊ वर्षांचा होता. अण्णा, म्हणजे मगदूम, साताऱ्याला खोली करून राहायचे. बायको चंपाबाई, अंथरुणाला खिळलेली आई आणि मुलगा सांगलीत. घर जैनांचे, त्यामुळे दिवस मावळायच्या आत जेवणे उरकायची आणि चूल थंड व्हायची. शनिवारी रात्री अण्णा दारात पोचत तेव्हा भांडीसुद्धा घासून पालथी पडलेली असत. अण्णांनी कराडच्या स्टँडवर उजेड असतानाच दोन केळी खाल्लेली असत. रविवारी पाहुणे, बस्तीत म्हणजे जैन मंदिरात पूजा, आईची औषधे, आणि तीनला परतीची गाडी.

ते शहाणे पोर एवढेच विचारत होते, की एक ते साडेचार तुम्ही काय करता? आणि त्याचे उत्तर अण्णांना माहीत होते, म्हणूनच ते देता येत नव्हते.

आता अण्णा पंचाहत्तरीला टेकले होते आणि सांगलीत मुलाच्या फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहत होते. चंपाबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या. जूनमध्ये अण्णा न्हाणीघरात घसरून पडले आणि मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, वॉकर आला, आणि पुढच्याच महिन्यात इमारतीची लिफ्ट बंद पडली. सोसायटीच्या तीन बैठका झाल्या, लिफ्ट जागची हलली नाही. जूनपासून अण्णांनी जमीन पाहिली ती खिडकीच्या गजांतून. सकाळी नऊला सून समीक्षा बँकेत जायची, नात ब्राह्मी शाळेत. मग घरात अण्णा, भिंतीवरचे घड्याळ आणि खाली गेटवरून येणारा वॉचमन आकारामचा खोकला.

नातीचे नाव अण्णांनीच ठेवले होते. आदिनाथ तीर्थंकरांनी आपल्या लेकीला, ब्राह्मीला, मांडीवर बसवून स्वतः अक्षरे शिकवली, ही कथा बारशाला त्यांनी मोठ्या हौसेने सांगितली. सांगता सांगता भरतेशकडे नजर गेली आणि पुढचे वाक्य विसरले. भरतेशला अक्षरे शिकवली होती ती चंपाबाईंनी.

हाच भरतेश आता साताऱ्याच्या कारखान्यात होता. दोन वर्षे झाली. तिथेच खोली, शनिवारी यायचे, सोमवारी पहाटे जायचे. त्याची शिफ्ट शनिवारी अडीचला सुटे, आणि स्वतःची मोटार असून तो घरी पोचे रात्री आठला.

यंदा चातुर्मासाला बस्तीत एक साध्वी, माताजी, आल्या होत्या. पोराटोरांनी त्यांच्यासमोर लहानसहान नियम घेतले. कुणी चॉकलेट सोडले, कुणी मोबाइल. ब्राह्मीने दिवस मावळल्यावर जेवायचे नाही असा नियम घेतला. घरचीच रीत, अवघड काही नव्हते. पण पुढच्या शनिवारपासून एक नवीनच गोष्ट सुरू झाली. समीक्षा साडेपाचला ताट वाढी आणि पोरगी म्हणे, "मला नको." दिवस बुडे, ताट झाकले जाई. सकाळचे एक जेवण, बस्स.

दुसऱ्या-तिसऱ्या शनिवारनंतर शेजारच्या सुंदरीकाकूंनी ही गोष्ट बस्तीत नेली. "नऊ वर्षांची पोर, दर शनिवारी एकाशन करते!" झाले. बायका कौतुकाने ब्राह्मीच्या गालावरून हात फिरवू लागल्या. माताजींनी आशीर्वाद दिला. चातुर्मास संपताना दिवाळीच्या तोंडावर बालतपस्वी म्हणून तिचा सत्कार करायचे ठरले. समीक्षाने बँकेतल्या सगळ्यांना सांगितले. भरतेशनेही फोनवरून "शाबास गं माझी वाघीण!" म्हटले.

अण्णांना मात्र एक गोष्ट खटकत होती. उपास धरलेले माणूस गॅलरीत का उभे राहते? खाली मोटार आली की वाकून का बघते?

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी त्यांनी धीर करून विचारले. समीक्षा बाजारात गेली होती. टेबलावर झाकलेले ताट होते आणि ब्राह्मी गजांना नाक लावून उभी होती.

"भूक लागली असेल ना गं?"

"लागलीय."

"मग जेव की. अजून उजेड आहे."

तिने आधी दाराकडे पाहिले. मग हळूच म्हणाली, "आजोबा, शपथ घ्या, कुणाला सांगायचं नाही."

"नाही सांगत."

"तो उपास नाहीच आहे. मी पप्पांबरोबर जेवायचं म्हणून थांबते. रविवारी ते झोपतात, नाहीतर मोबाइलवर असतात. मला शनिवारचं ताजं ताजं सांगायचं असतं. पण ते येईपर्यंत दिवस बुडतो, आणि मग नियम असतो ना, म्हणून राहून जातं."

"अगं, मग आईला सांगायचं."

"कसं सांगू? आता सगळे एकाशन म्हणतात. माताजी पण म्हणतात. खोटं होतं म्हणून कळलं तर?" तिच्या डोळ्यांत पाणी आले. "आणि तुम्ही शपथ घेतलीय."

अण्णांनी वॉकरची मूठ घट्ट धरली. पोर कौतुकाच्या पिंजऱ्यात सापडली होती आणि किल्लीऐवजी त्यांच्या हातात शपथ देऊन मोकळी झाली होती.

तेवढ्यात तिने बापाला फोन लावला. स्पीकरवर भरतेशचा आवाज आला, "निघालोय गं राणी, उंब्रजच्या पुढे आहे. रस्त्याचं काम चाललंय ना, गाड्यांची ही रांग! तू जेवून घे. अरे हो, तुझा उपास नाही का! मी पण कराडला काहीतरी खाऊन घेईन."

मागे क्रिकेटची कॉमेंट्री चालू होती. कुणीतरी चौकार मारला, लोक ओरडले, आणि जाहिरात लागली.

फोन ठेवून ब्राह्मी म्हणाली, "आजोबा, पप्पांच्या गाडीत टीव्ही आहे का?"

अण्णांना भरतेशची साताऱ्याची खोली न पाहताच दिसत होती.

कॉटवर उताणा पडलेला माणूस, वर पंखा, दार आतून लावलेले. बाई नाही, बाटली नाही, काही वाईट नाही. फक्त आठवडाभर लोकांची बोलणी ऐकून थकलेल्या माणसाने स्वतःसाठी राखलेले तीन तास. ते तास किती गोड लागतात हे सांगलीत दुसऱ्या कुणाला माहीत असेल-नसेल, अण्णांना पुरते माहीत होते.

"आता दोनच शनिवार राहिले," ब्राह्मी बोटांवर मोजत म्हणाली. "चातुर्मास संपला की बास. मग मी नाही थांबणार. वेळेवर जेवून टाकणार."

तिने हे रागाने म्हटले असते तर बरे झाले असते. ती सहज म्हणाली.

अण्णा रात्रभर कूस बदलत राहिले. भरतेशचे पत्र आल्यानंतरचा शनिवार त्यांना आठवत होता. त्या दिवशी ते खरोखर दीडची गाडी पकडणार होते. पिशवी भरून तयार होती. एकाला वाचनालयाचे दार लावले, आतून कडी घातली, आणि पंधरा मिनिटे आहेत म्हणून एक पुस्तक उघडले. मान वर केली तेव्हा पावणेचार झाले होते. रात्री आठला घरी आले तर पोर उंबऱ्यावर बसल्या बसल्या झोपलेले. न जेवता. पुढच्या शनिवारीही तेच, त्याच्या पुढच्याही. चौथ्या शनिवारी उंबरा रिकामा होता. भरतेश आत जेवूनखाऊन कॅरम खेळत होता. मान न वळवता म्हणाला, "आलात का?"

आणि अण्णांना हायसे वाटले होते. हे त्यांनी कुणालाच सांगितले नव्हते, चंपाबाईंनाही नाही. त्यांना खरोखर हायसे वाटले होते.

त्यानंतर तो मुलगा त्यांच्यासाठी कधीच थांबला नाही. कुठल्या कॉलेजात जायचे ते त्याने कळवले. नोकरी लागल्यावर कळवले. लग्न ठरल्यावर तारीख कळवली. वागण्यात कधी कमीजास्त नाही. औषधे वेळेवर, दवाखाना वेळेवर. पण विचारले काही नाही. ज्या माणसाला एकदा विचारून उत्तर मिळाले नाही, त्याला पुन्हा कोण विचारतो?

भरतेशला सांगावे तरी कोणत्या तोंडाने? त्याच्याच घरात, त्याच्याच ताटात जेवून म्हणायचे, बाबा रे, पोरीकडे बघ? त्याने नुसते वर पाहिले असते तरी अण्णांना जमिनीत गडप व्हावे लागले असते. रविवारी दुपारी त्यांनी प्रयत्न केला. भरतेश सोफ्यावर मोबाइल बघत होता.

"भरतेश."

"बोला अण्णा."

"नाही, म्हटलं... साताऱ्याला थंडी पडली का?"

"अजून नाही. का हो?"

"असंच."

तो पुन्हा मोबाइलमध्ये बुडाला. समीक्षा स्वयंपाकघरातून म्हणाली, "अण्णांना एवढीच काळजी, साताऱ्याला थंडी पडली का! इथं मी लिफ्टवाल्याच्या नावानं शंख करतेय, त्याचं काही नाही." सगळे हसले. अण्णाही हसले.

सोमवारी घर रिकामे झाल्यावर त्यांनी शब्दकोश काढला, खाकी कव्हरातले पत्र काढले आणि कागद पुढ्यात ओढला. पहिला मसुदा दोन पानी झाला. त्यात पितृत्वाविषयी बरेच चांगले विचार होते. फाडला. दुसऱ्यात ब्राह्मीची गोष्ट येऊ लागली. शपथ आठवली, फाडला. तिसरा वाचून त्यांना वाटले, हे मी स्वतःची बाजू लंगडी करून सहानुभूती मागतोय. तोही गेला. आपल्याला लिहिता येत नाही, आपण जन्मभर दुसऱ्यांचे लिहिलेले फक्त कपाटात लावले, असे म्हणत ते संध्याकाळपर्यंत बसून राहिले.

मंगळवारी सकाळी एक गोष्ट सुचली, आणि ती इतकी सोपी होती की त्यांना स्वतःचीच लाज वाटली. मुलाने एक प्रश्न विचारला होता. त्या प्रश्नाचे उत्तर लिहायचे. बाकी काही लिहायचे नाही.

'चि. भरतेश, अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. दीडची गाडी पाचला सांगलीत येते, मग तुम्ही आठला का येता, असे तू विचारले होतेस.

मी वाचत बसत असे. शनिवारी एकाला वाचनालय बंद करून आतून कडी लावायचो आणि साडेचारच्या गाडीपर्यंत वाचायचो. दुसरे काही कारण नव्हते. काम नव्हते, गाडी चुकत नव्हती. आईला मी गाडी चुकली असे सांगत असे, ते खोटे होते.

तू उंबऱ्यावर थांबतोस हे मला माहीत होते. तरी मी वाचत बसलो. चौथ्या शनिवारी तू थांबला नाहीस तेव्हा मला बरे वाटले. आता कुणी विचारणार नाही, असे वाटले. तसेच झाले.

त्या तीन तासांत मी काय वाचले ते मला एकही आठवत नाही. तू झोपला होतास तेव्हा तुझ्या हातात शाळेची वही होती, मला दाखवायला आणलेली, ते आठवते. त्यात काय होते ते मी पाहिले नाही.

माझ्याकडून घेण्यासारखे काही असेल तर घे. ते तीन तास घेऊ नकोस.

तुझा, अण्णा.'

चंपाबाई गेल्या तेव्हा सांत्वनाच्या पत्रांना उत्तरे द्यायला आणलेले तिकीट लावलेले एक पाकीट उरले होते. त्यावर त्यांनी साताऱ्याच्या खोलीचा पत्ता घातला. टपालपेटी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाशेजारी होती, खिडकीतून तिचे लाल टोपडे दिसायचे. चारला पेटी उघडत. आज पडले तर शुक्रवारपर्यंत पोचेल. उद्यावर गेले तर शनिवार हातचा जाईल. आणि उद्यापर्यंत आपण हे पत्र पुन्हा वाचू, आणि वाचले तर फाडू, हेही त्यांना पक्के ठाऊक होते.

तीनच्या सुमाराला आकाराम पाण्याची टाकी बघायला गच्चीवर जायचा. अण्णांनी दार उघडून त्याला हाक मारली. आकाराम वडूजकडचा, फौजेतून निवृत्त झालेला, साठीच्या पुढचा गडी. आवाज अजून परेडचा.

"आकाराम, मला खाली जायचंय."

"आँ? कशाला वो आण्णा? काय आणायचं हाय ते सांगा."

"पत्र टाकायचंय पेटीत."

"द्या हिकडं. म्या टाकतो की."

अण्णांनी पाकीट सदऱ्याच्या खिशात आणखी आत सरकवले. "नको. तू जिन्यात असतानाच मी तुला परत बोलावीन."

आकारामला काही उमगले नाही, पण फौजेत उमगायची सवय नसते. त्याने जिना बघितला, अण्णांचा पाय बघितला. "अठ्ठेचाळीस पायऱ्या हायत. वैनींना कळलं तर माझी नोकरी ऱ्हात न्हाई."

"बसून उतरू."

"म्हंजी?"

"लहान मुलं उतरतात तसं."

आणि साताऱ्याच्या वाचनालयाचे एके काळचे ग्रंथपाल, ज्यांनी कधी कुणासमोर पाय पसरले नव्हते, ते धोतर सावरून पहिल्या पायरीवर बसले. आकाराम वॉकर खांद्यावर घेऊन दोन पायऱ्या खाली उभा राहिला.

"सावकाश! आवं, हिमालयातबी एवढी कसरत केली न्हाई म्या." दुसऱ्या मजल्यावर अण्णांना धाप लागली तेव्हा तो शेजारी टेकला. "कुणाला हाय एवढं महत्त्वाचं पत्र?"

"भरतेशला."

"त्यो तर शनवारी येणारच हाय की! फोन करा."

"फोनवर जमत नाही."

आकाराम हसला. "मला बी न्हाई जमायचं. एकदा दीड वर्सानं सुट्टीवर गेलो. पोरगी दारात खेळत हुती. मला बगितलं आन आत पळाली. म्हनती कशी, आई, पावनं आल्यात, च्या टाक! लय हसली समदी. म्याबी हसलो."

"मग?"

"मग काय? च्या पिली." तो मिशी कुरवाळू लागला. "पर मला सुट्टीच न्हवती वो आण्णा. सुट्टी असती तर म्या एक दीस थांबलो नसतो थितं."

अण्णा जिन्याच्या कठड्याकडे बघत राहिले. या माणसाला माहीतही नव्हते की त्याने काय बोलून टाकले. मला सुट्टी होती, असे अण्णांना म्हणायचे होते. ते म्हणाले, "चल, पुढचं उतरू."

पहिल्या मजल्यावर सुंदरीकाकूंनी दार उघडले आणि "अगं बाई, पडलात का काय!" म्हणून ओरडल्या. "पडलो न्हाई, उतरतूया," आकाराम म्हणाला, आणि वरात पुढे सरकली.

गेटबाहेर पाऊल टाकले तेव्हा अण्णांचे डोळे दिपले. चार महिन्यांनी पायांखाली सपाट जमीन होती आणि ती त्यांना जिन्याहून अवघड वाटली. वॉकर ठोकत ठोकत ते कोपऱ्यापर्यंत गेले. चार वाजायला दहा मिनिटे होती.

पाकीट त्यांनी पेटीच्या फटीत घातले आणि सोडले नाही. अर्धे आत, अर्धे बोटांत. 'मला बरे वाटले' हे वाक्य काढायला हवे होते. मुलाला असे कुणी लिहिते का? तो कायमचा तुटला तर? आता जे आहे, औषध वेळेवर, दवाखाना वेळेवर, तेही गेले तर? या वयात जायचे कुठे? ते नुसते बाहेर ओढून घ्यायचे, खिशात ठेवायचे, वर जायचे. वर जाणे मात्र कठीण होते. अठ्ठेचाळीस पायऱ्या बसून चढता येत नाहीत.

"आण्णा," आकाराम मागून म्हणाला, "हात आडकला का?"

"नाही."

रस्त्यावरून शाळेची रिक्षा गेली. ब्राह्मीची नव्हती, तिची पाचला यायची. मागच्या जाळीतून एक पोर त्यांच्याकडे बघून हात हलवत होते, का हलवत होते ते त्यालाच ठाऊक. अण्णांनी नकळत हात वर केला, आणि बोटे सुटली. आत खाली कुठेतरी कागद पडल्याचा बारीक आवाज झाला.

अण्णा बराच वेळ फटीकडे बघत उभे राहिले. मग एकदम त्यांचा चेहरा उतरला.

"काय झालं?"

"उशिराबद्दल क्षमा मागायची राहिली रे. तसं लिहायची पद्धत असते. एक ओळ."

"आता कुटली काढताय? कुलूप हाय पेटीला." आकारामने वॉकर त्यांच्या पुढ्यात नीट ठेवला. "चला. पोरगी यायच्या आत वर चढाय लागायचं तर आत्ताच हलाय पायजे."